ल्यों शहरात काठीच्या चालीने

फ्रान्समधील ल्यों या शहरात रोन नदीच्या काठी एक प्रशस्त आणि देखणी इमारत उभी आहे. तिचे नाव ओतेल-द्यू. कित्येक शतके ते रुग्णालय होते. १५३२ साली तेथे फ्रांस्वा राब्ले या वैद्याची नेमणूक झाली आणि त्याच वर्षी, त्याच शहरात, त्याचे ‘पांताग्रुएल’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. महाकाय राक्षस, त्यांची अचाट खादाडी आणि गडगडाटी विनोद यांनी ते भरलेले आहे. रुग्णाची नाडी पाहणारा हात आणि वाचकाला पोट धरून हसवणारा हात एकच होता. २०१० साली हे रुग्णालय बंद झाले. आज त्याच दालनांत दुकाने, उपाहारगृहे आणि एक आलिशान हॉटेल आहे. जेथे पिढ्यान्‌पिढ्या पथ्य सांगितले गेले, तेथे आता ताटे वाढली जातात.

याच शहरात पुढे लोरां मूर्गे नावाचा एक रेशीम कारागीर होऊन गेला. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर रेशमाचा धंदा बसला, तेव्हा तो जत्रांतून लोकांचे दात उपटू लागला. गिऱ्हाईक जमावे आणि खुर्चीत बसलेल्याला वेदनेचा विसर पडावा, म्हणून तो शेजारी बाहुल्यांचा खेळ करी. खेळ इतका रंगू लागला की दातांचा व्यवसाय मागे पडला आणि १८०८ च्या सुमारास त्याच्या हातून ‘गिन्योल’ ही बाहुली जन्माला आली. ती आजही ल्योंची लाडकी आहे.

हास्य आणि वैद्यक यांची अशी जुनी सोयरीक असलेल्या शहरात, गेल्या सप्टेंबरात, आमच्या कट्ट्यावरचे सात ज्येष्ठ नागरिक आठ दिवसांसाठी जाऊन आले. सातांच्या वयांची बेरीज पाचशे एक. ‘आहेराचा शुभ आकडा आहे, निघायला हरकत नाही,’ असा निर्वाळा आमच्यातील निवृत्त बँक कारकुनांनी दिला. सर्वजण त्यांना हिशेबनीस म्हणतात. त्यांच्याखेरीज संस्कृतचे निवृत्त शिक्षक असलेले गुरुजी, त्यांच्या पत्नी म्हणजे आमच्या वहिनी, एकट्या राहणाऱ्या मावशी, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आबा, त्यांच्या पत्नी माई आणि प्रस्तुत लेखक असा हा जथा होता.

आबांचा राजीनामा

आबांना वीस वर्षांपासून मधुमेह आहे आणि जेवणापूर्वी इन्सुलिन घ्यावे लागते. दोन वर्षांपूर्वी खुब्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून हातात काठी आली. डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी दिली होती. आबांनीच स्वतःला ती दिली नव्हती. ‘माझ्यामुळे तुमचा खोळंबा नको’ हे वाक्य त्यांनी विमानात चार वेळा आणि विमानतळावर दोन वेळा उच्चारल्याची नोंद हिशेबनिसांकडे आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते न्याहारीच्या टेबलाशी आले आणि त्यांनी रीतसर राजीनामा सादर केला. ‘तुम्ही सगळे फिरून या. मी खोलीत बसतो. खिडकीतून फ्रान्स दिसतेच आहे.’ आम्ही आग्रह करणार, तोच माईंनी मुकाट्याने पायांतले बूट काढून खोलीतल्या सपाता चढवल्या. एक शब्द नाही, चेहऱ्यावर नाराजी नाही. दोन वर्षांच्या सवयीने त्या थांबायला तयार झाल्या होत्या.

त्या सपाता पाहिल्यावर प्रश्न निराळाच असल्याचे आम्हा सर्वांच्या ध्यानी आले. आबा खोलीत बसले, तर माईही बसणार. एका माणसाचा संकोच दोन माणसांची सहल बुडवतो. घरोघरी हेच घडते. आजारी माणूस ‘मला सोडून जा’ म्हणतो तेव्हा तो मनापासून त्याग करत असतो, पण त्या त्यागाचे भाडे सेवा करणाऱ्याला भरावे लागते.

गुरुजींनी तेथेच तह लिहिला. पहिले कलम : चालताना सर्वांत सावकाश चालणारा पुढे, बाकीचे मागे. दुसरे : दुपारपूर्वी एक ठिकाण, दुपारनंतर एक ठिकाण, तिसऱ्याचे नाव काढील त्याने सर्वांना कॉफी पाजावी. तिसरे : रोज दोन तास आबांची सोबत दुसरे कोणीतरी करील आणि माई मोकळ्या राहतील. आबांनी तह वाचला, ‘पुढे चालणाऱ्याला सेनापती म्हणतात ना?’ असे विचारले आणि राजीनामा मागे घेतला.

उलटा हत्ती आणि दोरीची गाडी

ल्यों हे दोन नद्यांचे आणि दोन टेकड्यांचे शहर आहे. एक नदी रोन, दुसरी सोन. दुसरीचे नाव ऐकून मावशींना माहेरचे कोणी भेटल्यासारखे वाटले. फुर्व्हिएर या टेकडीवर भव्य चर्च आहे, म्हणून तिला प्रार्थना करणारी टेकडी म्हणतात. समोरची क्रुवा-रूस ही रेशीम विणकरांची, म्हणून ती काम करणारी टेकडी. फुर्व्हिएरच्या चर्चला चार कोपऱ्यांवर चार बुरूज आहेत आणि गावकरी त्याला थट्टेने ‘उलटा हत्ती’ म्हणतात. पाय वर करून उताणा पडलेला हत्ती! गणपतीच्या देशातून आलेल्या वहिनींना हे प्रथम रुचले नाही. मात्र सोन नदीच्या पुलावरून वर पाहिल्यावर त्याच म्हणाल्या, ‘पाय तर अगदी तसेच आहेत हो!’

जुन्या गावातून टेकडीवर जायला शेकडो पायऱ्या आहेत. मात्र तारेने ओढली जाणारी छोटी रेल्वेही आहे. ल्योंकर तिला ‘फिसेल’, म्हणजे दोरी, म्हणतात. काही मिनिटांत ती चर्चच्या दाराशी पोहोचवते. चढताना दम लागतो म्हणून पुष्कळ ज्येष्ठ वर जायला गाडी घेतात आणि ‘उतरणे काय, सोपे आहे’ म्हणून पायी उतरतात. गुडघ्यांवर आणि तोलावर खरा ताण येतो तो उतरताना. आम्ही दोन्ही वेळा दोरीवरच भिस्त ठेवली. वर रोमन काळातील दगडी रंगमंच आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्याची उभारणी सुरू झाली. सर्वांत वरच्या कडेला उभे राहून आबांनी तो संपूर्ण पाहिला. ‘खाली उतरून आलेल्यांना माझ्यापेक्षा कमी दिसले,’ हे त्यांचे म्हणणे खोडून काढणे कोणालाही जमले नाही.

पुढे ल्यूमिएर बंधूंचे संग्रहालय पाहिले. १८९५ साली त्यांनी आपल्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कामगारांचे चित्रण केले, तो कारखाना या शहरातलाच. त्यांचे चित्रपट ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवले गेले, तेव्हापासून आपलेही पडद्याशी नाते जुळले. कामगारांचा तो चित्रपट एका मिनिटाचाही नाही. ‘मी खुर्चीत टेकेपर्यंत संपला,’ आबा म्हणाले. मग तो त्यांच्यासाठी पुन्हा पाहण्यात आला, आणि तहाच्या कलमात न बसणारे असे हे त्या दिवशीचे तिसरे ठिकाण ठरते की नाही, यावर कॉफीच्या बिलापर्यंत वाद चालला.

विणकराचा मेंदू

ल्योंची खरी ख्याती पोटाची आहे. ‘बूशों’ नावाच्या तेथील लहान खाणावळींत टेबले एकमेकांना खेटून असतात आणि पदार्थ भरभक्कम असतात. या परंपरेला आकार दिला तो ‘मेर’, म्हणजे आई, म्हटल्या जाणाऱ्या स्वयंपाकिणींनी. त्यांच्यातील एजेनी ब्राझिये शेतकरी कुटुंबात जन्मली, लोकांच्या घरी कामाला राहिली आणि १९३३ साली तिच्या दोन उपाहारगृहांना प्रत्येकी तीन, असे मिशेलिनचे सहा तारे मिळाले. असा मान मिळवणारी ती पहिलीच. हे ऐकून माई म्हणाल्या, ‘मला पन्नास वर्षांत एकही तारा नाही.’ आबांनी त्यावर मौन पाळले. संसाराचा अनुभव दुसरे काय शिकवतो?

आमच्यातील तिघे शाकाहारी. त्यांनी निश्चिंतपणे ‘ल्योंचे सॅलड’ मागवले. पानांवर उकडलेले अंडे आणि त्याभोवती डुकराच्या मांसाचे परतलेले तुकडे आले. सॅलड शाकाहारी असते हा समज विमानतळावरच सोडून यावा. त्यानंतर वहिनींनी पदार्थांच्या यादीतील प्रत्येक शब्दाचा अर्थ गुरुजींकडून काढून घ्यायचे ठरवले. गुरुजींनी शब्दकोश उघडला आणि अत्यंत गंभीरपणे जाहीर केले, ‘रेशीम विणकराचा मेंदू.’ वहिनींनी यादी मिटली. प्रत्यक्षात ‘सेर्व्हेल द कान्यू’ म्हणजे ताजे, मऊ चीज घोटून त्यात लसूण, कांद्याची पात आणि इतर हिरवे जिन्नस मिसळलेला थंडगार पदार्थ. चक्क्याला लसणाची संगत मिळावी तशी चव. वहिनींनी विणकराचा मेंदू पावासोबत सलग चार दिवस खाल्ला.

याच खाण्याच्या नादात एका दुपारी आम्हा सर्वांचे हसू थांबले. घरच्या रिवाजाप्रमाणे आबांनी घड्याळ पाहून, टेबलाशी बसण्यापूर्वीच इन्सुलिन टोचून घेतले. फ्रेंच जेवण मात्र निवांत येते. खाणावळ भरलेली होती आणि पदार्थांना पाऊण तास लागला. आबा एकाएकी गप्प झाले. कपाळावर घाम आला, हात थरथरू लागले. माईंनी पर्समधून यंत्र काढून बोटातून रक्त तपासले. साखर ६२ होती. मावशींनी घाईघाईने शेजारच्या टेबलावरील गुलाबी बदामी टार्टकडे बोट दाखवले. माई शांतपणे म्हणाल्या, ‘टार्ट नको, साखर द्या.’ कॉफीसोबत येणारे साखरेचे चार खडे त्यांनी आबांना चघळायला लावले. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, साखर वर आली होती. मग पाव आणि जेवण.

माईंचे म्हणणे शास्त्रशुद्ध होते. साखर अशी खाली आली आणि माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर सुमारे १५ ग्रॅम साधी साखर किंवा ग्लुकोज द्यावे, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, साखर कमीच असेल तर तेवढेच पुन्हा द्यावे. लोणी व सुक्यामेव्याची मिठाई त्या क्षणी उपयोगाची नाही, कारण तिच्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात सावकाश पोहोचते. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी. त्या दिवसापासून, आमच्या डॉक्टरांना दूरध्वनीवर विचारून, आबांनी पदार्थ टेबलावर आल्याखेरीज इन्सुलिन घेतले नाही.

माईंचे दोन तास

तहाचे तिसरे कलम पाळणे सर्वांत अवघड गेले, आणि ते मोडू पाहणाऱ्या स्वतः माईच होत्या. पहिल्या दिवशी त्या वीस मिनिटांत परत आल्या. ‘यांनी पाणी प्यायले का?’ दुसऱ्या दिवशी चाळीस मिनिटे. साखरेच्या त्या प्रसंगानंतर तर त्या जायलाच तयार नव्हत्या. तेव्हा आबाच म्हणाले, ‘तू जा. हिशेबनीस आहेत माझ्यापाशी. साखरेचे खडेही मोजून ठेवलेत त्यांनी.’ बेलकूर चौकातील बाकावर ते दोघे बसले आणि माई मावशींसोबत जुन्या गावातील ‘त्राबूल’ पाहायला गेल्या.

त्राबूल म्हणजे एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर घरांच्या पोटातून निघणाऱ्या झाकलेल्या वाटा. जुन्या पुण्यातील वाड्यांतून बोळ निघत, तसे. विणकर या वाटांनी रेशीम नेत आणि दुसऱ्या महायुद्धात नाझींविरुद्ध लढणाऱ्यांना त्यांचा आसरा झाला. आज तेथे कुटुंबे राहतात, म्हणून हलक्या पावलांनी आणि हलक्या आवाजात जायचे असते. फरशी खडबडीत असते. काठीवाल्यांनी जपून जावे, किंवा बेलकूरचा बाक पसंत करावा.

माई अडीच तासांनी परतल्या. हातात आइस्क्रीमचा कोन होता आणि त्यांनी आबांच्या पाण्याची चौकशी केली नाही. आबांनी घड्याळ पाहिले आणि हिशेबनिसांना म्हणाले, ‘अर्धा तास जास्त. लिहून ठेवा, नफ्यात धरा.’

निघण्यापूर्वी

– इन्सुलिन, रोजच्या गोळ्या व डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत असावी. सामानकक्षात इन्सुलिन गोठून निकामी होण्याचा धोका असतो.

– उन्हाळ्यात फ्रान्सचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते. जाताना दिवस लांबतो, येताना आखडतो. औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्याव्यात.

– युरोपातील शेंगेन देशांच्या अल्पकालीन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवास-वैद्यकीय विमा लागतो. पूर्वीचे आजार त्यात येतात की नाही, ते स्पष्ट विचारावे.

– विमानात अधूनमधून उठून चालावे, बसल्या जागी पावले वरखाली हलवावीत, पाणी पीत राहावे.

– बऱ्याच खाणावळी दुपारी दोननंतर स्वयंपाकघर बंद करतात, ते संध्याकाळी सातपर्यंत उघडत नाही. सोबत बिस्किटे व साखर ठेवावी. जेवताना ‘कराफ दो’ मागितल्यास नळाचे पिण्याचे पाणी विनामूल्य मिळते.

– तातडीच्या मदतीसाठी युरोपीय संघाच्या सर्व देशांत ११२ हा क्रमांक चालतो. औषधाचे दुकान हिरव्या क्रॉसवरून ओळखावे.

या सर्वांहून महत्त्वाचे एक सामान बॅगेत मावत नाही. ते म्हणजे सोबत्यांचा सावकाशपणा. वृद्धाला ‘चला, जमेल’ असे म्हणणे सोपे असते. त्याच्या मागून, त्याच्या चालीने, घाईचा सुस्कारा न सोडता चालणे अवघड असते. आम्हाला ते जमले, कारण आठही दिवस पुढे चालणारा सेनापती दर पन्नास पावलांवर थांबून काहीतरी विनोद करी आणि मागचे सैन्य हसण्यासाठी थांबे. कोण कोणासाठी थांबले, हे मग कोणालाच मोजता येईना. हिशेबनिसांनासुद्धा.