दिवा खोटा बोलतो तेव्हा...

मोटारीच्या डॅशबोर्डवरील पिवळा दिवा हा मोठा विलक्षण प्राणी आहे. तो पेटला की मनाची शांतता जाते आणि गॅरेजच्या दारात मोटार उभी केली की नेमका तो विझलेला असतो. ‘आता तर काहीच दिसत नाही,’ असे मेकॅनिकने म्हटल्यावर आपणच खोटे ठरतो. वरूडमध्ये एका हिवाळ्यात या अनुभवातून प्रस्तुत लेखकाला जावे लागले. त्या दिव्याचा माग काढताना जे हाती लागले, ते अनेक वाहनधारकांना उपयोगी पडेल म्हणून येथे मांडत आहे.

मोटार दहा वर्षे जुनी, डिझेलवर चालणारी. आईच्या उपचारांसाठी दर महिन्याला अमरावतीला जावे लागे. वरूड ते अमरावती हे अंतर सुमारे नव्वद किलोमीटर. परतताना बहुधा रात्र होई. आंबिया बहराची संत्री निघण्याचे दिवस असल्याने रस्त्यावर मालाने लादलेल्या ट्रकची रांग असे. अशाच एका रात्री मोर्शी मागे टाकल्यावर एबीएसचा दिवा पेटला. घरी येऊन इंजिन बंद करून पुन्हा चालू केले, तर दिवा गायब! पुढल्या फेरीत पुन्हा तेच. दिवसा मात्र तो कधीच पेटत नसे.

एबीएस म्हणजे जोराने ब्रेक दाबला असता चाके जाम होऊन गाडी घसरू नये यासाठीची यंत्रणा. प्रत्येक चाकाजवळ एक संवेदक असतो. जुन्या पद्धतीच्या संवेदकात लोहचुंबकाभोवती तारेचे वेटोळे असते आणि त्याच्यासमोरून चाकाबरोबर फिरणारी दातेरी कडी जाते. प्रत्येक दात्यागणिक वेटोळ्यात विजेचे एक सूक्ष्म स्पंदन निर्माण होते. नियंत्रक संगणक ही स्पंदने मोजतो, चारही चाकांची तुलना करतो आणि एखाद्याचा हिशेब जुळेनासा झाला की एबीएस बंद ठेवून दिवा पेटवतो. अशा वेळी नेहमीचे ब्रेक चालू राहतात, परंतु एबीएसचे संरक्षण उरत नाही. गाडी हळू चालत असताना ही स्पंदने फारच क्षीण असतात, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, तेव्हा ‘उजव्या पुढच्या चाकाचा संवेदक, अनियमित संकेत’ अशी नोंद सापडली. संवेदक बदलला. पैसे गेले, दिवा राहिला. कोणी म्हणाले, रस्त्यावरून जाणाऱ्या उच्चदाबाच्या वाहिनीचा परिणाम असेल. कोणी मोबाईलच्या मनोऱ्यावर संशय घेतला. अखेर एका कारागिराने आपुलकीने सल्ला दिला, ‘कायले डोक्शाले ताप घेता भाऊ, तो बल्बच काढून टाकतो!’ मोह पडण्यासारखाच उपाय होता तो.

परंतु स्कॅनरची नोंद म्हणजे निदान नव्हे. संगणकाला कोणता संकेत विचित्र वाटला एवढेच ती सांगते, तो विचित्र का झाला हे सांगत नाही. म्हणून एक वही केली. दिवा केव्हा पेटला, कोठे, वेग किती, त्या वेळी काय काय चालू होते, हे लिहीत गेलो. पाच-सहा नोंदींतच वाहिनी आणि मनोरा निर्दोष सुटले. कारण जेथे यांपैकी काहीच नव्हते, अशा बागेच्या वाटेवरही दिवा पेटला होता. प्रत्येक नोंदीत समान गोष्टी दोनच होत्या: वेग कमी आणि समोरचे दिवे चालू. मग आठवले, दिवाळीपूर्वी हेडलाइटचे मूळ हॅलोजन बल्ब काढून बाजारातील स्वस्त, झगझगीत एलईडी बल्ब बसवले होते.

हॅलोजन बल्ब म्हणजे केवळ तापणारी तार. तिच्यातून वीज संथ वाहते. एलईडीचे तसे नसते. तिला ठरावीक प्रवाह पुरवण्यासाठी बल्बच्या बुडाशी एक छोटे मंडल असते आणि ते विजेची उघडझाप सेकंदाला हजारो, कधी लाखो वेळा करते. ही उघडझाप जितकी झटकन, तितका तिचा गोंगाट तारांमधून आणि हवेतून बाहेर पडतो. चांगल्या बनावटीत हा गोंगाट गाळणारे भाग व धातूचे आच्छादन असते. स्वस्त मालात काटकसर होते ती नेमकी तेथेच. यालाच विद्युतचुंबकीय व्यत्यय म्हणतात.

संशय पडताळण्यासाठी घरातील जुना ट्रान्झिस्टर कामी आला. मीडियम वेव्हवर जेथे कोणतेही केंद्र लागत नाही अशा जागी काटा ठेवला आणि बॉनेट उघडून तो हेडलाइटजवळ धरला. दिवे बंद असताना नुसती सुरसुर. दिवे लावताच कर्कश गुणगुण! ट्रान्झिस्टर वायरिंगच्या कडेने सरकवत नेला, तेव्हा उजव्या चाकाच्या कमानीपाशी आवाज कायम होता. एलईडीसाठी टाकलेली नवी वायर संवेदकाच्या वायरीलाच पट्टीने बांधलेली होती आणि तिचे अर्थिंग रंग चढलेल्या बोल्टवर कसेबसे टेकवले होते.

तरीही एवढ्यावर निकाल देणे घाईचे झाले असते. जुने हॅलोजन बल्ब परत बसवून चार रात्री गाडी चालवली. दिवा पेटला नाही. मुद्दाम एलईडी पुन्हा लावले, तर पहिल्याच रात्री पेटला. दोष काढता आला आणि परत आणताही आला, तेव्हाच कारण सापडले असे म्हणता येते. मग मूळ बल्ब कायम केले, नवी वायर काढून टाकली, बोल्ट घासून अर्थिंग पक्के केले. उपाय एवढाच होता. नवा संवेदक घेण्याची गरजच नव्हती.

हा प्रकार वाटतो तितका नवा नाही. पेट्रोल इंजिनात ठिणगीसाठी बारा व्होल्टचा दाब वीस-तीस हजार व्होल्टपर्यंत चढवला जातो आणि प्रत्येक ठिणगी म्हणजे एक चिमुकले रेडिओ प्रक्षेपणच असते. रेडिओ घरोघरी पोहोचला, तेव्हा अशा खरखरीचा बंदोबस्त करण्यासाठी 1934 मध्ये ‘सिस्पर’ ही आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. रोध असलेले स्पार्क प्लग त्याचसाठी वापरतात. ते बदलताना साधे प्लग बसवले, तर तोच गोंगाट पुन्हा सुरू होऊ शकतो. एबीएसच्या सुरुवातीच्या काळात जर्मनीतील महामार्गाच्या एका वळणावर रेडिओ प्रक्षेपकामुळे मोटारींच्या ब्रेकमध्ये बिघाड होत असे. तात्पुरता उपाय म्हणून रस्त्याच्या कडेला जाळीचा पडदा उभारावा लागला, अशी नोंद ‘नासा’ने 1995 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात आहे. आज आपल्याकडे पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थेत वाहनांची या दृष्टीने तपासणी होते. मात्र ती तपासणी कारखान्यातून निघणाऱ्या वाहनाची. आपण नंतर बाजारातून आणून जोडलेल्या बल्बची, चार्जरची किंवा कॅमेऱ्याची नव्हे.

म्हणून असा गूढ दिवा पेटला तर आधी स्वतःला विचारावे, अलीकडे गाडीत नवे काय जोडले? ते एकेक काढून पाहावे. बॅटरीची टोके आणि अर्थिंग तपासावे. इंजिनाच्या वेगाबरोबर रेडिओतील शीळ चढत-उतरत असेल, तर अल्टरनेटरचा डायोड जाणकाराकडून तपासून घ्यावा. सुटे भाग त्यानंतर बदलावेत. मात्र लाल दिव्याच्या बाबतीत हे प्रयोग नकोत. ब्रेकचा किंवा ऑइलचा लाल दिवा दिसताच गाडी सुरक्षित जागी थांबवावी आणि तो खराच आहे असे समजून चालावे.

या कथेचा शेवट थोडा पुढचा आहे. त्याच वर्षी पावसाळ्यात एबीएसचा दिवा पुन्हा पेटला, तोही भर दिवसा. हेडलाइट बंद होते, एलईडी केव्हाच गेले होते. म्हणजे या वेळी व्यत्ययाची सबब नव्हती. त्याच दिवशी चाके वर उचलून पाहिली, तेव्हा मागच्या डाव्या चाकाचे बेअरिंग झिजून चाक हातानेही डुगडुगत असल्याचे आढळले. चाक हलल्याने संवेदक आणि कडी यांमधील फट बदलत होती आणि दिवा तेच सांगत होता. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन अमरावतीला निघायचे होते.

हिवाळ्यात तो बल्ब काढून टाकला असता, तर आम्ही निघालोच असतो. खोटे बोलणाऱ्या दिव्याचा राग येणे स्वाभाविक आहे, पण त्याला खोटे बोलायला कोण लावते हे शोधून काढले, तरच तो खरे बोलेल तेव्हा आपण त्याच्यावर विश्वास ठेवू शकतो.