लिंब आजारी पडला तर

अंगाला खरूज उठली की आपण लिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं आंघोळ करतो. पाडव्याला लिंबाचा कोवळा पाला खातो. असा हा लिंब म्हणजे गावचा वैद्यच. पण वैद्यही आजारी पडतो, बरं का!

२०२१ साली तेलंगणात असंच झालं. तेलंगण काही लांब नाही, आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्याला लागूनच आहे. तिथं रस्त्याकडेचे लिंब शेंड्याकडून वाळू लागले. पानं तपकिरी झाली. लोक घाबरले. या रोगाला शेंडेमर म्हणतात.

हा रोग एका बुरशीमुळं होतो. शिळ्या भाकरीवर बुरशी येते, तशीच ही एक जात. ढेकण्या नावाचा किडा कोवळ्या शेंड्यातला रस शोषतो. त्यानं शेंडे आणखी वाळतात. पावसाळ्यात बुरशी जोर धरते. तिचे बारीक कण पावसाच्या थेंबांनी आणि वाऱ्यानं दुसऱ्या झाडावर जातात.

आणि आपल्या हातूनही जातात! एकाला लावलेला वस्तरा न धुता दुसऱ्याला लावला तर काय होईल? झाडाचंही तसंच आहे. म्हणून एका झाडाच्या फांद्या छाटल्या की करवत स्पिरिटनं पुसावी. मगच ती दुसऱ्या झाडाला लावावी.

शिरूर अनंतपाळच्या रस्त्यावर असा लिंब दिसला तर काय करावं?

१. आधी नगरपंचायतीला कळवावं. रस्त्याचं झाड सगळ्यांचं असतं. फवारणी करायची ती कृषी कार्यालयाला विचारूनच.

२. उघडीप असताना वाळलेले शेंडे छाटावेत. थोडा हिरवा भागही त्यांच्याबरोबर घ्यावा.

३. छाटलेल्या फांद्या रस्त्यावर पडू देऊ नयेत. त्या लांब नेऊन जाळाव्यात. झाडाच्या बुडाशी जाळ करू नये.

४. रोगी झाडाच्या निंबोळ्या रोपांसाठी घेऊ नयेत. बुरशी बियांतूनही पसरते.

५. झाडाला खिळे ठोकू नयेत. बुडाशी सिमेंट ओतू नये. अशक्त झाडाला रोग लवकर धरतो.

झाड वाळलं म्हणून लगेच तोडू नका. तेलंगणातल्या कितीतरी लिंबांना पुढं नवी पालवी फुटली. फांदीची साल नखानं जराशी खरवडून पाहा. खाली हिरवं दिसलं, तर फांदी जिवंत आहे. सावली देणारं झाड वाढायला वर्षं लागतात, तोडायला एक सकाळ पुरते. तेव्हा कुऱ्हाड लावण्याआधी नख लावून पाहा.