बाळंतिणीच्या मनाचा आजार

आपल्या वस्त्यांतून बाळंतिणीच्या घरी गेलेली माणसे दोनच प्रश्न विचारतात : मुलगा झाला की मुलगी, आणि दूध येते का? बाळंतिणीला स्वतःला काय वाटते, हा तिसरा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. मी वस्तीतल्या स्त्रियांच्या बैठका घेते. तिथे रेशन, नळ, दारू, पोरांची शाळा असे विषय निघतात. बैठक पांगू लागली की एखादी मागे रेंगाळते आणि हळूच म्हणते, “बाई, लेकराकडं बघूशीच वाटत नाही. माझ्यासारखी पापीण कोणी नसंल.” हे पाप नव्हे, आजार आहे, आणि तो बरा होतो, हे कार्यकर्त्यांना व शिक्षकांना ठाऊक असावे म्हणून हे लिहीत आहे.

प्रथम तीन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून कित्येक बायकांना उगाच रडू येते, मन हळवे होते, चिडचिड होते. निम्म्याहून अधिक बायकांना हा अनुभव येतो आणि विश्रांती व आधार मिळाला की दोन आठवड्यांच्या आत तो ओसरतो. त्याला आजार म्हणण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट नैराश्याची. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खचलेले राहते, कशात गोडी वाटत नाही, बाळ झोपले तरी आईला झोप लागत नाही, जेवण जात नाही, आपण आई व्हायला नालायक आहोत असे वाटत राहते. काहींच्या मनात मरणाचे विचार येतात. आपल्या बायका ‘मन उदास आहे’ असे क्वचितच म्हणतात. त्या म्हणतात, डोके उठले, अंगात त्राण नाही, जीव घाबरा होतो. हे नैराश्य पुष्कळदा गरोदरपणातच सुरू झालेले असते.

तिसरी अवस्था दुर्मीळ, पण भयंकर. हजार बाळंतिणींत एखाद-दोघींना, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच, भ्रम होतात, आवाज ऐकू येतात, झोप जवळजवळ नाहीशी होते, बोलणे असंबद्ध होते. अशा वेळी माय आणि लेकरू दोघांच्याही जिवाला धोका असतो. तिला त्याच दिवशी दवाखान्यात नेले पाहिजे. आपल्याकडे नेमके इथेच ‘बाहेरची बाधा’ म्हणून देवऋषी गाठला जातो आणि हाताशी असलेला वेळ अंगाऱ्या-धुपाऱ्यात निघून जातो.

हे का होते? बाळंतपणानंतर शरीरातील संप्रेरके झपाट्याने उतरतात, झोप मोडते, अंगात रक्त नसते. पूर्वी नैराश्य येऊन गेले असेल तर धोका वाढतो. पण संप्रेरके तर प्रत्येकीचीच उतरतात, मग प्रत्येकजण आजारी का पडत नाही? या प्रश्नाचे उत्तर शरीराबाहेरही शोधावे लागते. गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात शेवटच्या तिमाहीतील 270 गरोदर स्त्रियांची नोंद घेऊन विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा पुढे पाठपुरावा केला. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के स्त्रियांना नैराश्य आढळले. त्यांतील 78 टक्के स्त्रियांचे मन गरोदरपणातच ढासळलेले होते. निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनंतरही बऱ्या झालेल्या नव्हत्या. गरिबी आणि नवऱ्याशी बिनसलेले संबंध ही मोठी कारणे निघाली. बाळ मुलगा की मुलगी, यानेही फरक पडत होता. उपासमार आणि मारहाण यांचा घावदेखील त्यावरून कमी-जास्त बसत होता.

“ही पांढरपेशांची दुखणी, आपल्याला भाकरीची भ्रांत,” असे म्हणणाऱ्या मित्रांनी हे आकडे नीट वाचावेत. भाकरीची भ्रांत हेच या आजाराचे एक मूळ आहे. बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये महारवाड्यातल्या बाळंतिणीची उपासमार लिहून ठेवली आहे. ती केवळ साहित्याची सामग्री नव्हे, तो आजाराचा इतिहासही आहे. आजही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील गरोदर स्त्रियांपैकी 52.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. त्या कोयत्यातील गरोदर बाई फडात मोळ्या वाहते, कारण खाडा पडला तर उचल फिटत नाही. तिला बाळंतपणाची विश्रांती कोण देणार?

1928 साली मुंबई कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे यात साऱ्या समाजाचे हित आहे, ही त्यांची भूमिका होती. 1929 साली तो कायदा झाला. 2017 च्या दुरुस्तीने पगारी रजा 26 आठवड्यांची झाली, परंतु ठेकेदाराच्या टोळीतील बाईपर्यंत आणि घरकाम करणाऱ्या मोलकरणीपर्यंत ती पोहोचलेली नाही.

काही जण म्हणतील, व्यवस्था बदलेल तेव्हा हा आजारही जाईल. पण व्यवस्था बदलेपर्यंत या बाईने काय करायचे? पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत अतिफ रहमान यांनी गावातल्याच आरोग्यसेविकांना शिकवून तयार केले. त्या डॉक्टर नव्हत्या, मानसशास्त्राच्या पदवीधरही नव्हत्या. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून त्या नैराश्य असलेल्या स्त्रियांच्या घरी जात, ऐकून घेत, खचवणारे विचार कसे तपासावेत ते शिकवीत, घरच्यांना सोबत घेत. अशा एकंदर 16 भेटी ठरलेल्या होत्या. सहा महिन्यांनी या स्त्रियांपैकी 23 टक्के आजारी उरल्या, तर ज्यांच्याकडे नुसत्याच साध्या भेटी झाल्या त्यांपैकी 53 टक्के. हा निष्कर्ष 2008 साली प्रसिद्ध झाला. त्या खेड्यांतली गरिबी हटली नव्हती, तरी इतका फरक पडला. हे काम आपल्या वस्तीतील आशाताई, शिक्षिका आणि मंडळाच्या मुली का करू शकणार नाहीत?

सुरुवात विचारण्यापासून करावी. 1987 साली एडिंबरो येथे तयार झालेली दहा प्रश्नांची चाचणी जगभर वापरली जाते. तिचा दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. असे विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. उलट, कोंडलेल्या बाईला वाट मिळते. सासू आणि नवरा समोर असताना मात्र विचारू नये. उत्तर ‘होय’ असेल तर तिला एकटे सोडू नये, लगेच डॉक्टरांकडे न्यावे. मारहाण होत असेल तर केवळ गोळ्या पुरणार नाहीत, मारहाण थांबवावी लागेल.

उपचारात बोलण्याचा उपचार असतो आणि गरज पडल्यास औषधेही असतात. त्यांपैकी काही औषधे अंगावर पाजणारी आई डॉक्टरांच्या सल्ल्याने घेऊ शकते. ती आपल्या मनाने सुरू करू नयेत, आपल्या मनाने बंदही करू नयेत. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी खर्चाने चालणारा मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. उपचारासाठी दाखल झालेल्या आईपासून तीन वर्षांखालील मूल सहसा तोडता येत नाही, असेही त्यात आहे. ‘टेली मानस’च्या 14416 या क्रमांकावर फोन करून विनामूल्य सल्ला घेता येतो.

आपल्या मुलुखात कित्येक गावांत पिढ्यान्‌पिढ्या बाळाची नाळ कापणारी सुईण दलित असे. वाड्यातल्या बाळंतिणीला ती सोडवी आणि काम झाले की तिचाच विटाळ मानला जाई. त्या सुईणींच्या नातींना आज स्वतःच्या बाळंतपणात कोणी विचारीत नाही. पुढच्या बैठकीत अजेंड्यावर रेशन आणि नळाखाली हाही विषय लिहावा, आणि त्या महिन्यात वस्तीत बाळंत झालेल्या प्रत्येकीकडे कोण जाणार, त्यांची नावे तिथेच ठरवावीत.