घरचा ध्वनी (भाग ७) : उघड्या फळीवरचा स्पीकर

स्पीकरचा कोन पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. एकाच कोनातून अशा दोन लहरी निघतात. जोर सारखा, पण एकमेकींच्या उलट. स्पीकर नुसता मोकळा धरून वाजवला तर मागची लहर कडेवरून वळून पुढचीला गाठते आणि दोघी एकमेकींना मारतात. वरच्या सुरांच्या लहरी आखूड असल्याने त्यांचे फारसे बिघडत नाही. खर्ज मात्र नाहीसा होतो. म्हणून स्पीकरला पेटी करतात आणि मागची लहर कोंडतात. उघड्या फळीच्या रचनेत ती कोंडत नाहीत, तिची वाट तेवढी लांबवतात. रुंद फळी, तिला गोल भोक, त्यात स्पीकर आणि मागची बाजू मोकळी, एवढीच ही रचना.

ती जुनी आहे. १९२५ साली जनरल इलेक्ट्रिकमधील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी आजच्या स्पीकरचा मूळ नमुना मांडला, तेव्हाच फळीचे महत्त्व त्यांनी दाखवून दिले होते. गावोगावी पाहिलेल्या व्हॉल्व्हच्या रेडिओंची पाठही भोके पाडलेल्या पुठ्ठ्यानेच झाकलेली असे, म्हणजे तेही जवळजवळ उघडेच. पुढे सिगफ्रीड लिंकविट्झ (१९३५–२०१८) या अभियंत्याने या रचनेचे गणित नीट मांडले आणि हौशी मंडळींना ती घरी करता येईल अशी करून दिली.

बीड जिल्ह्यात या रचनेची पारख करायला उत्तम कसोटी घरातच आहे. अंबाजोगाई तालुक्यातील आपेगाव हे पखवाजाचे गाव. तेथील शंकरबापू आपेगावकर यांना १९८६ साली पद्मश्री मिळाली. पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक लावतात. तिच्या वजनामुळे तो खोल, भरदार नाद येतो. उजव्या, शाई लावलेल्या तोंडाचा आवाज त्याउलट कडक आणि चटकन विझणारा. साध्या पेटीत पातळ प्लायच्या बाजू आणि आतली हवा या नादात स्वतःचा सूर मिसळतात; दुगुनीत डाव्या हाताचे ठोके एकमेकांत गुंततात आणि नुसती घुमघुम उरते. उघड्या फळीला पेटीच नाही, त्यामुळे तिचा सूरही नाही. डावा ठोका येतो, विझतो आणि पुढचा वेगळा ऐकू येतो. आकाशवाणीच्या बीड केंद्रावरील निवेदकाचा आवाजही असाच पेटीतून सुटल्यासारखा मोकळा वाटतो.

दुसरा फायदा खोलीचा. दहा बाय बारा फुटांच्या स्लॅबच्या खोलीत, सिमेंटच्या भिंतींमध्ये सुमारे ४७ आणि ५६ हर्ट्झला हवा घुमू लागते. उघडी फळी पुढे आणि मागे आवाज देते, बाजूंना जवळजवळ नाही. समोर तेवढाच आवाज मिळत असताना खोलीत एकूण पसरणारी ध्वनिशक्ती चौफेर पसरणाऱ्या स्पीकरच्या एक तृतीयांशच असते. खोली तेवढी कमी घुमते.

स्पीकर निवडताना नेहमीचा समज उलटा करावा लागतो. मोठा मॅग्नेट म्हणजे चांगला स्पीकर, हे पेटीसाठी बव्हंशी खरे. उघड्या फळीवर मोठ्या मॅग्नेटचा, मंडपात वाजणारा स्पीकर खर्जात कोरडा पडतो, कारण मॅग्नेट कोनाला घट्ट आवरून धरतो. लहान मॅग्नेटचा, कागदी कोनाचा दहा किंवा बारा इंची स्पीकर आपल्या नैसर्गिक कंपनाजवळ थोडा सैल सुटतो आणि फळीने गमावलेला खर्ज तिथे भरून काढतो. कंपनीच्या माहितीपत्रकात क्यूटीएस नावाचा आकडा असतो, तो ०.७ ते १ च्या आसपास हवा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत माहितीपत्रक नसलेले स्पीकरही भरपूर मिळतात. अशा स्पीकरचे नैसर्गिक कंपन घरीच शोधता येते. अँप्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये १०० ओहमचा रेझिस्टर एकसरीत जोडावा. मोबाइलवरील टोनच्या ॲपमधून २० ते १५० हर्ट्झ सावकाश वाजवावेत आणि स्पीकरच्या दोन टोकांवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर धरावा. व्होल्ट चढत चढत जिथे सर्वांत वर जातात, ती त्याची नैसर्गिक वारंवारता. दहा इंचीला ती ४० ते ६० हर्ट्झ असली तर स्पीकर कामाचा.

फळीसाठी १९ मिमीचा प्लाय किंवा ब्लॉकबोर्ड घ्यावा. जुन्या घराच्या सागवानी दाराची फळी मिळाली तर फारच उत्तम. रुंदी ५० सेंमी, उंची ९० सेंमी धरली तर मागच्या लहरीला वळसा साधारण अर्धा मीटर पडतो. खर्ज सुमारे ११५ हर्ट्झखाली उतरू लागतो आणि प्रत्येक सप्तकाला निम्मा होतो. दोन्ही बाजूंना २० सेंमीच्या पट्ट्या मागे वळवून लावल्या की वळसा वाढतो. पट्ट्या फार खोल केल्या तर मात्र पुन्हा पेटीसारखा आवाज येतो. भोक मधोमध पाडू नये. चारही कडा सारख्या अंतरावर आल्या तर एकाच सुराला मोठा खड्डा पडतो, म्हणून ते एका बाजूला सरकवावे. भोकाची मागची धार कानशीने तिरकी करावी, नाहीतर जाड फळीत कोनाची मागची हवा अडते.

वरच्या सुरांसाठी वेगळा छोटा स्पीकर, म्हणजे ट्विटर, जोडायचा तर ८ ओहमच्या ट्विटरसोबत ४.७ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर एकसरीत लावला की तो सुमारे ४,२०० हर्ट्झच्या वरचेच काम घेतो.

आता डाव्या-उजव्या दोन फळ्यांची जुळवणी. आधी दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून दोन्ही मोठ्या स्पीकरचे कोन एकाच दिशेला उसळतात की नाही ते पाहावे. एक उलटा असला तर उरलासुरला खर्जही जातो. मग फळ्या मागच्या भिंतीपासून किमान एक मीटर पुढे ठेवाव्यात. जुळवणीचे निम्मे काम इथेच होते. एक मीटर अंतरावर भिंतीवरून परतलेला आवाज सुमारे ६ मिलिसेकंद उशिरा येतो, त्यामुळे मूळ आवाज कमी गढूळ होतो. भिंतीला टेकवलेली फळी हा या रचनेतला सर्वांत मोठा दोष. त्यानंतर फळ्या वीतभर पुढे-मागे सरकवून, आत किंचित वळवून तोच पखवाज पुन्हा पुन्हा ऐकावा.

खर्ज अजून कमी वाटला तर इक्वलायझरने थोडा वाढवता येतो, पण सांभाळून. सहा डेसिबल वाढवायला अँप्लिफायरला चौपट शक्ती लागते. बंद पेटीतली हवा कोनाला स्प्रिंगसारखी मागे खेचते. इथे ती नाही, त्यामुळे कोन सहज मर्यादेबाहेर जाऊन कॉइल आपटते. खट्‌ असा आवाज आला की लगेच आवाज कमी करावा. लग्नाच्या मांडवासाठी किंवा अंगणातल्या भजनासाठी ही रचना नाही. ती एका खोलीतल्या चार-पाच श्रोत्यांची आहे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यातली धूळ उघड्या मागच्या बाजूने कॉइलच्या फटीत शिरते, म्हणून स्पीकरच्या पाठीवर पातळ सुती कापड ताणून बसवावे.