नागोयास परत गेलेला शिपाई

वऱ्हाडांतील पुष्कळ गांवीं पलटणींतून पेन्शन घेऊन आलेला एखादा हवालदार किंवा सुभेदार आढळतो. सणावारीं त्याच्या छातीवर बिल्ले झळकतात आणि मुलें त्याच्याभोंवतीं जमून लढाईच्या गोष्टी ऐकतात. ज्या शिपायाची हकीकत येथें द्यावयाची आहे त्यालाहि असे बिल्ले मिळाले होते. परंतु त्याचें नांव आज आदरानें घेतलें जातें तें केवळ त्यामुळें नव्हे. ज्या शहरावर त्यानें बाँब टाकले त्याच शहरीं तो पुढें धर्मोपदेशक होऊन राहिला. हे अमेरिकेंतील रेव्हरंड जेकब डिशेझर होत. ज्या फ्री मेथॉडिस्ट मंडळीचे ते पाळक होते तिचें नांव आमच्या वाचकांस अगदींच अपरिचित नसेल. अकोला व अमरावतीकडे जसें अलायन्स मिशनचें काम झालें, तसें शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत फ्री मेथॉडिस्ट मिशनचें झालें.

डिशेझर यांचा जन्म १५ नोव्हेंबर १९१२ रोजीं ऑरेगन संस्थानांत झाला. त्यांचें बालपण व शालेय शिक्षण 'मद्रास' नांवाच्या गांवीं झालें. (हें मद्रास अमेरिकेंतलेंच, हें मुलांनीं ध्यानांत ठेवावें!) घरचीं माणसें धर्मनिष्ठ होतीं, पण तरुण जेकबला देवळाची गोडी नव्हती. टर्की पक्षी पाळण्याचा धंदा त्यानें करून पाहिला. तो बुडाला, तेव्हां १९४० सालीं तो सैन्यांत शिरला. ७ डिसेंबर १९४१ रोजीं जपाननें पर्ल हार्बरवर हल्ला केला, ती बातमी आली त्या वेळीं हा गडी छावणींत बटाटे सोलीत बसला होता. त्या क्षणापासून सूड हा एकच विचार त्याच्या मनांत भरून राहिला. थोड्याच दिवसांनीं डूलिटल नांवाच्या अधिकाऱ्यानें एका गुप्त व धोक्याच्या मोहिमेसाठीं स्वयंसेवक मागितले आणि डिशेझरनें होकार दिला.

१८ एप्रिल १९४२ रोजीं हॉर्नेट या विमानवाहू जहाजावरून १६ विमानें उडालीं. त्यांत एकंदर ८० माणसें होतीं. जपानच्या गस्तीच्या नावेनें जहाज पाहिल्यामुळें ठरल्या वेळेपूर्वींच उड्डाण करावें लागलें व पेट्रोल अपुरें पडणार हें तेव्हांच उघड झालें. डिशेझर सोळाव्या, म्हणजे शेवटच्या विमानांत बाँब सोडण्याच्या कामावर होता. त्या विमानानें नागोया शहरावर बाँब टाकले, मग चीनकडे मोर्चा वळविला. परंतु पेट्रोल संपलें आणि आंतील पांचहि जणांनीं रात्रीच्या अंधारांत हवाई छत्र्यांनीं उड्या टाकल्या. खालचा मुलूख जपानी फौजेच्या ताब्यांत होता. दुसऱ्या दिवशीं ते पकडले गेले. या मोहिमेचें वर्णन करतांना चिनी खेडुतांस विसरणें अन्यायाचें होईल. पुष्कळ वैमानिकांस त्यांनीं आसरा दिला, आणि जपानी सैन्यानें त्याचा जो सूड घेतला त्यांत सुमारें अडीच लक्ष चिनी लोक प्राणांस मुकले असा अंदाज आहे.

पकडलेले वैमानिक एकंदर आठ. त्यांपैकीं तिघांस १५ ऑक्टोबर १९४२ रोजीं गोळ्या घालून ठार करण्यांत आलें. त्यांत डिशेझरच्या विमानाचा मुख्य वैमानिक लेफ्टनंट फॅरो हाहि होता. उरलेल्या पांचांस जन्मठेप झाली. डिशेझर ४० महिने कैदेंत राहिला व त्यांतील ३४ महिने एकांतवासांत गेले. निकृष्ट अन्न, आमांश, अंगावर फोड, आणि बोलावयास भिंतीशिवाय कोणी नाहीं! १९४३ च्या डिसेंबरांत मीडर नांवाचा सोबती उपासमारीनें व बेरीबेरीनें वारला. त्यानंतर कैद्यांस थोडेंसें बरें अन्न व वाचावयास कांहीं पुस्तकें मिळूं लागलीं. त्यांत एक बायबल होतें. डिशेझर हुद्द्यानें सर्वांत कनिष्ठ. म्हणून त्याची पाळी शेवटीं आली. १९४४ च्या मे महिन्यांत तें पुस्तक त्याच्या हातीं पडलें, आणि तेंहि अवघ्या तीन आठवड्यांसाठीं. अंधुक उजेडांत त्यानें तें पुन्हां पुन्हां वाचलें व कित्येक भाग तोंडपाठ केले. त्याच जून महिन्यांत त्यानें येशू ख्रिस्ताचा स्वीकार केला.

कोठडींत एकट्यानें प्रार्थना करणें एक वेळ सोपें. खरी परीक्षा पुढें झाली. एके दिवशीं एका पहारेकऱ्यानें त्याला कोठडींत ढकलून दार लावतांना त्याचा उघडा पाय दारांत चिरडला, आणि वर खिळ्यांच्या बुटानें लाथाहि मारल्या. संतापानें डिशेझरचें अंग पेटलें. पण शत्रूवर प्रीति करण्याची आज्ञा नुकतीच पाठ केलेली! दुसऱ्या दिवशीं सकाळीं तोच पहारेकरी आला तेव्हां त्यानें त्याला जपानी भाषेंत 'सुप्रभात' म्हटलें. एकांतवासानें कैद्याचें डोकें फिरलें असें पहारेकऱ्यास वाटलें असावें. पण रोज सकाळीं तेंच अभिवादन चालूं राहिलें. शेवटीं एके दिवशीं पहारेकरी दाराशीं थांबून दोन गोष्टी बोलला, आणि पुढें एकदां त्यानें एक उकडलेलें रताळें आणून दिलें. रताळें ही कांहीं मोठी वस्तु नव्हे; आपल्याकडे उपासाच्या दिवशीं तें कोणाच्याहि घरीं मिळतें. त्या कोठडींत मात्र आपला मार्ग बरोबर आहे याचा पुरावा डिशेझरला त्या रताळ्यांत सांपडला.

१९४५ च्या ऑगस्टांत पेकिंगच्या तुरुंगांतून त्याची सुटका झाली. मायदेशीं येऊन त्यानें सिअ‍ॅटल येथील फ्री मेथॉडिस्ट कॉलेजांत शिक्षण घेतलें, लग्न केलें, आणि १९४८ च्या डिसेंबरांत पत्नी फ्लॉरेन्स हिच्यासह जपानांत पाऊल ठेवलें. 'मी जपानचा कैदी होतों' ही त्याची छोटी पत्रिका लाखों लोकांत वांटली गेली होती. तिची एक प्रत टोकियोच्या स्टेशनावर मित्सुओ फुचिदा यांच्या हातीं पडली. हे फुचिदा म्हणजे पर्ल हार्बरवरील हल्ल्याचें हवाई नेतृत्व करणारे अधिकारी! जो हल्ला ऐकून डिशेझरनें सूडाचा निश्चय केला त्याच हल्ल्याचा नायक ती पत्रिका वाचून बायबल विकत घेतो आणि ख्रिस्ती होतो, हें एखाद्या कादंबरींत वाचलें असतें तर आम्ही लेखकास हंसलों असतों. १९५० सालीं दोघांची भेट झाली व पुढें एकाच व्यासपीठावरून दोघांनीं भाषणें केलीं.

अमेरिकन सरकारनें डिशेझर यांस शौर्याचीं पदकें दिलीं. डूलिटल यांच्या ८० वैमानिकांसाठीं मिळून अमेरिकन काँग्रेसचें सुवर्णपदक २०१५ सालीं देण्यांत आलें; तेव्हां डिशेझर हयात नव्हते. १५ मार्च २००८ रोजीं वयाच्या ९६ व्या वर्षीं ते वारले. त्या सर्व पदकांचें कारण १९४२ चें तें एक उड्डाण होय, व त्या धैर्याविषयीं कोणी शंका घेऊं नये. आमचें मन मात्र १९५९ या सालाकडे अधिक ओढतें. त्या सालीं डिशेझर आपलें बिऱ्हाड नागोयास घेऊन गेले आणि ज्या शहरावर सतरा वर्षांपूर्वीं त्यांनीं आकाशांतून आग टाकली होती तेथें एका मंडळीची स्थापना करण्याच्या कामास लागले. १९७७ सालीं ते निवृत्त झाले.