श्वानांतील तृणपरागजन्य कंड : ठाणे-कल्याण परिसरातील निदानाचा प्रश्न

भाद्रपद-आश्विनात पाऊस ओसरू लागला की येऊरच्या उतारांवरील व कल्याण-डोंबिवलीच्या मोकळ्या जागांतील गवते फुलोऱ्यावर येतात आणि त्यांचे पराग वाऱ्याबरोबर पसरतात. १९४१ साली विटिक यांनी श्वानातील परागज्वराची नोंद केली. त्या नावावरून शिंकांचीच कल्पना होते. वस्तुतः श्वानात पराग मुख्यतः त्वचेतून बाधतो. पंजे चाटणे, कान व काखा खाजविणे, पोट लाल होणे ही लक्षणे बहुधा सहा महिने ते तीन वर्षे या वयात प्रथम दिसतात.

येथील खरी अडचण निदानाची आहे. याच दमट दिवसांत पिसवा माजतात, त्वचेवर यीस्टही वाढते, आणि कंड तिहींचा सारखाच. शिवाय हरळी वर्षभर फुलू शकते. तेव्हा केवळ ऋतूवर भिस्त ठेवता येत नाही. प्रथम पिसवांचा बंदोबस्त, मग यीस्टवर उपचार, आणि कंड बारमाही असल्यास सुमारे आठ आठवडे पथ्याहार, हा क्रम सोडू नये. त्वक्‌परीक्षेने रोग सिद्ध होत नाही, कारण निरोगी श्वानांतही ती होकारार्थी येते. वाढत्या मात्रेने टोचावयाचा परागअर्क निवडण्यापुरताच तिचा उपयोग. आणि त्या चिकित्सेचा गुण दिसण्यास वर्षही लागते. तोवर फिरवून आणल्यावर पंजे व पोट धुणे, आणि पशुवैद्याच्या सल्ल्याने ऑक्लासिटिनिब, लोकिव्हेटमॅब किंवा अल्पकाळ कॉर्टिसोनवर्गीय औषध देणे इष्ट. स्वस्त म्हणून लोकप्रिय असलेल्या हिस्टामिनरोधक गोळ्यांचा गुण मात्र बेताचाच.