घटक ४ : स्थानबद्धतेच्या आदेशातील कर्ता

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील :
• ‘सिद्धदोष बंदी’, ‘न्यायाधीन बंदी’ आणि ‘स्थानबद्ध’ या संज्ञांतील अर्थभेद सांगणे.
• प्रशासकीय मराठीतील कर्तृलोपी वाक्यरचना ओळखणे.
• वाक्यातील कर्ता आणि कृतीची जबाबदारी यांचा संबंध उदाहरणांसह स्पष्ट करणे.

४.२ प्रास्ताविक

मागील घटकात आपण मराठीतील प्रयोगविचार अभ्यासला. कर्तरी, कर्मणी आणि भावे हे प्रयोग परीक्षेपुरते पाठ करण्याचे प्रकरण आहे, अशी अनेकांची समजूत असते. परंतु वाक्यात कर्ता कोठे ठेवायचा, ठेवायचा की नाही, यावर काही वेळा माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून असते. राजकीय कारणांसाठी माणसांना बंदिवासात ठेवणारे आदेश हे याचे ठळक उदाहरण आहे. या आदेशांची भाषा आपण प्रस्तुत घटकात तपासणार आहोत. एखादे मत योग्य की अयोग्य हे येथे ठरवायचे नाही. आदेशातील वाक्याची जबाबदारी कोणाची, हे कसे वाचावे एवढेच शिकायचे आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ संज्ञांतील भेद

तुरुंगाच्या परिभाषेत ज्याचा अपराध न्यायालयात सिद्ध झाला आहे तो ‘सिद्धदोष बंदी’ आणि ज्याचा खटला चालू आहे तो ‘न्यायाधीन बंदी’. ‘स्थानबद्ध’ या दोहोंहून वेगळा असतो. त्याने काय केले यापेक्षा तो पुढे काय करील, या अंदाजावरून त्याला अडकवलेले असते. ‘राजबंदी’ किंवा ‘राजकीय कैदी’ हे नाव त्याला समाज देतो, इतिहास देतो; आदेशात मात्र ‘सार्वजनिक सुव्यवस्था’, ‘राज्याची सुरक्षितता’ असे शब्द येतात.

हा भेद महाराष्ट्राच्या इतिहासात १८९७ साली स्पष्टपणे दिसला. पुण्यात रँडवर हल्ला झाल्यानंतर त्याच वर्षी लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. आरोप सांगितला गेला, बचाव मांडला गेला, ज्यूरीने कौल दिला आणि दीड वर्षाची शिक्षा झाली. टिळक सिद्धदोष बंदी ठरले. नातू बंधूंना मात्र मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली पकडण्यात आले. त्यांच्यावर खटला नव्हता आणि शिक्षेची मुदतही नव्हती. त्यांची सुटका १८९९ मध्ये झाली. टिळकांना आपला बंदिवास कधी संपणार हे ठाऊक होते. नातूंना ते ठाऊक असण्याचे कारणच नव्हते.

शब्दाच्या घडणीकडेही लक्ष द्या. ‘बद्ध’ हे संस्कृत ‘बन्ध्’ धातूपासून झालेले कर्मणि भूतकालवाचक धातुसाधित आहे. त्याचा अर्थ ‘बांधला गेलेला’. ‘बांधला गेलेला’ असे म्हटले की ‘कोणाकडून?’ हा प्रश्न ओघानेच येतो. परंतु विशेषण रूढ झाले की हा प्रश्न विसरला जातो.

४.३.२ ‘करण्यात येत आहे’

पुढील चार वाक्ये पाहा :
(अ) अधिकारी विद्यार्थ्याला पकडतो.
(आ) अधिकाऱ्याने विद्यार्थ्याला पकडले.
(इ) विद्यार्थी अधिकाऱ्याकडून पकडला गेला.
(ई) विद्यार्थ्याला पकडण्यात आले.

(अ) कर्तरी प्रयोग आहे. (आ) सकर्मक भावे प्रयोग आहे. क्रियापद कर्त्यानुसार बदलत नाही, पण कर्ता तृतीयेत स्पष्ट दिसतो. (इ) ही नवीन कर्मणीची रचना. कर्ता ‘कडून’ घेऊन मागे सरकतो, तरी वाक्यात राहतो. (ई) मध्ये मात्र तो दिसत नाही. वाक्य अपुरेही वाटत नाही. ‘-ण्यात येणे’ या रचनेचे हेच वैशिष्ट्य आहे.

ही रचना मुळात सदोष नाही. ‘अर्ज मागविण्यात येत आहेत’ या वाक्यात अर्ज कोणत्या कारकुनाने मागविले, याच्याशी आपल्याला कर्तव्य नसते. तेथे संस्था हाच कर्ता असतो. प्रश्न उद्भवतो तो कायद्याला विशिष्ट माणसाचा निर्णय अपेक्षित असताना. अंतर्गत सुरक्षा कायदा, म्हणजे १९७१ चा ‘मिसा’, याने स्थानबद्धतेचा अधिकार केंद्र व राज्य शासनांबरोबर जिल्हादंडाधिकारी, पोलीस आयुक्त अशा ठरावीक अधिकाऱ्यांना दिला होता. त्या अधिकाऱ्याची स्वतःची खात्री ही आदेशाची पहिली अट होती. अशा आदेशात कर्ता लोपला, तर ती अट पुरी झाली की नाही हे वाचणाऱ्याला कळण्याचा मार्गच उरत नाही.

४.३.३ खात्री पटणे आणि खात्री करणे

आता ‘खात्री’ या शब्दाकडे वळू. ‘माझी खात्री पटली’ या वाक्याचा व्याकरणिक कर्ता ‘खात्री’ हा आहे; बोलणारा षष्ठीत आहे. खात्री ही जणू आपण होऊन घडणारी गोष्ट आहे. याउलट ‘मी खात्री केली’ या वाक्यात बोलणारा कर्ता आहे आणि त्याने काहीतरी केले आहे : कागद पाहिले, विचारपूस केली, पडताळले. पहिल्या वाक्यावर ‘कशी काय पटली?’ असे विचारले, तर ‘पटली खरी’ एवढे उत्तर देऊन सुटता येते. दुसऱ्या वाक्यावर ‘काय पाहिलेत?’ असा प्रश्न येतो आणि त्याला उत्तर द्यावेच लागते.

नेमका असाच वाद दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये झाला. युद्धकालीन नियमान्वये, एखाद्या व्यक्तीविषयी संशयास ‘वाजवी कारण असल्यास’ गृहमंत्री तिला स्थानबद्ध करू शकत होते. रॉबर्ट लिव्हरसिज यांना असे स्थानबद्ध केले गेले. त्यांनी गृहमंत्री सर जॉन अँडरसन यांच्याविरुद्ध दावा लावला. १९४१ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या बहुमताने असा अर्थ लावला की, मंत्र्यांना वाजवी कारण आहे असे प्रामाणिकपणे वाटले म्हणजे पुरे. लॉर्ड ॲटकिन यांनी एकट्याने विरोध केला. त्यांचे म्हणणे भाषेच्या अभ्यासकाने लक्षात ठेवावे असे आहे : एखाद्याचा घोटा मोडलेला असणे आणि आपला घोटा मोडला आहे असे त्याला वाटणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. ‘असणे’ या क्रियापदाचा अर्थ ‘वाटणे’ असा करता येत नाही. पुढील काळात इंग्लंडच्या न्यायालयांनी ॲटकिन यांचाच अर्थ ग्राह्य मानला. लिव्हरसिज यांना मात्र त्याचा तेव्हा उपयोग झाला नाही.

४.३.४ आणीबाणी : खात्रीविना सही

२५ जून १९७५ रोजी देशात अंतर्गत आणीबाणी जाहीर झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस मिसामध्ये दुरुस्ती होऊन स्थानबद्धाला कारणे कळविण्याचे बंधन काढून टाकण्यात आले. (या वाक्यातील कर्ता कोण, हे आपणच शोधा.) आणीबाणीच्या काळात मिसाखाली सुमारे पस्तीस हजार माणसे स्थानबद्ध झाली. ‘मिसाबंदी’ हा मराठीतील शब्द त्याच काळाचा.

त्यांपैकी एक प्रकरण पाहू. २५ सप्टेंबर १९७५ रोजी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या आवारातून पोलिसांनी प्रबीर पुरकायस्थ या विद्यार्थ्याला मोटारीत घालून नेले. पोलिसांना हवे होते विद्यार्थी संघटनेचे अध्यक्ष देवीप्रसाद त्रिपाठी, जे पुढे महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेले. माणूस चुकला होता. तरीही त्याला सोडण्याऐवजी मिसाखालील आदेश मागाहून मिळविण्यात आला आणि पुरकायस्थ सुमारे वर्षभर बंदिवासात राहिले. न्या. जे. सी. शहा यांच्या चौकशी आयोगापुढे हे प्रकरण आले तेव्हा, सही करणाऱ्या अतिरिक्त जिल्हादंडाधिकाऱ्याने ती वरिष्ठांच्या सांगण्यावरून केल्याचे उघड झाले. कागदावर खात्री त्याची होती; प्रत्यक्षात ती कोणाचीच नव्हती. पोलीस आदेशाकडे बोट दाखवत होते, आदेश देणारा वरिष्ठांकडे. मे १९७७ मध्ये नेमलेल्या या आयोगाचे भाषिक दृष्टीने महत्त्व असे की, ‘स्थानबद्ध करण्यात आले’ या वाक्याला त्याने ‘कोणी?’ हा प्रश्न विचारला आणि अधिकाऱ्यांना नावानिशी बोलावून त्याचे उत्तर मागितले.

न्यायालयाचा मार्ग तत्पूर्वीच बंद झाला होता. नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांचे अर्ज ऐकता येतात असे म्हटले असतानाही, सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा मताने ते नाकारले. विरोधी मत न्या. हंसराज खन्ना यांचे होते. या खटल्याचे नाव पाहा : ‘अतिरिक्त जिल्हादंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ला’. एका बाजूला नाव असलेला माणूस, दुसऱ्या बाजूला केवळ पद. पदाचा बंदिवास होत नाही आणि पदाला पश्चात्तापही होत नाही. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही अशी तरतूद झाली. १९७६ चा निर्णय मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द ठरविला.

४.३.५ कारणे कोणत्या भाषेत?

स्थानबद्धाला कारणे कळवावीत, असे राज्यघटनेचा अनुच्छेद २२ सांगतो. ‘कळविणे’ म्हणजे काय? महाराष्ट्रातील हरिकिसन यांच्या प्रकरणात कारणे इंग्रजीत दिली गेली होती. त्यांना इंग्रजी येत नव्हते. त्यांनी हिंदी भाषांतर मागितले. मजकूर तोंडी समजावून सांगितला आहे, असे शासनाचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये ते अमान्य केले आणि त्यांची सुटका केली. ‘कळविणे’ हे प्रयोजक क्रियापद आहे : समोरच्याला ‘कळेल’ असे करणे. कळलेच नाही, तर कळविले असे म्हणता येत नाही.

पुरकायस्थ यांचे नाव पुन्हा न्यायालयात आले ते ऑक्टोबर २०२३ मधील अटकेनंतर. हा कायदा वेगळा, बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक; आणि ही स्थानबद्धता नसून गुन्ह्याच्या आरोपाखालील अटक होती. १५ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अटक अवैध ठरविली, कारण अटकेचे आधार त्यांना लेखी दिलेले नव्हते. आरोप खरे की खोटे, हा प्रश्न येथे नव्हता. न्यायालयाने दोन संज्ञा वेगळ्या केल्या. अटकेची ‘कारणे’ कोणत्याही आरोपीला लागू पडतील अशी साचेबंद असू शकतात. अटकेचे ‘आधार’ मात्र त्याच व्यक्तीविषयीचे, तिला उत्तर देता येईल असे ठोस असले पाहिजेत. साच्यातील वाक्यात जसा कर्ता हरवतो, तसे कर्मही हरवते, हे यावरून ध्यानात यावे.

४.४ सारांश

स्थानबद्धतेचा आदेश हे एक वाक्य असते आणि त्या वाक्याला कर्ता, कर्म व कारण असावे अशी कायद्याची अपेक्षा असते. ‘-ण्यात येणे’ ही रचना कर्ता झाकते, ‘खात्री पटली’ ही रचना त्याची कृती झाकते आणि न कळणाऱ्या भाषेतील किंवा साचेबंद मजकुरामुळे बंदिवानाला उत्तर देता येत नाही. न्यायालये आणि आयोग यांनी वेळोवेळी जे केले ते बरेचसे वाक्यविश्लेषणच होते. कधी ते वेळेवर झाले, कधी उशिरा. व्याकरण अन्याय थांबवू शकत नाही. परंतु जबाबदार कोण, हे विचारण्याची सुरुवात ‘या वाक्याचा कर्ता कोण?’ या प्रश्नापासून करता येते.

४.५ स्वाध्याय

१. ‘पकडण्यात आले’ आणि ‘पकडले’ या रूपांतील फरक जबाबदारीच्या दृष्टीने स्पष्ट करा.
२. ‘खात्री पटणे’ व ‘खात्री करणे’ यांतील व्याकरणिक कर्ता सांगून अर्थभेद लिहा.
३. १८९७ मधील टिळक आणि नातू बंधू यांच्या बंदिवासातील भेद नेमक्या संज्ञा वापरून सांगा.
४. आपल्या परिसरातील एखादी शासकीय सूचना घ्या. तिच्यातील ‘-ण्यात येणे’ ही रचना असलेली वाक्ये कर्ता घालून पुन्हा लिहा. कोणत्या वाक्यात कर्ता घालणे आवश्यक होते आणि कोणत्या वाक्यात नव्हते, हे कारणांसह नोंदवा.